फोर्कलिफ्टच्या ब्रेकमधली हवा काढणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालची उत्तरं २ ते ३ टनी (म्हणजे तेवढा माल उचलणारी) फोर्कलिफ्ट डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत. डिझेल असो वा बॅटरीवरची, पुढच्या दोन चाकांना ड्रम ब्रेक आणि पॅडलखाली ऑईल चाकांकडे ढकलणारा एक मास्टर सिलिंडर असं ज्यांचं बांधकाम आहे, ती मशीन. मागची चाकं फक्त वळायची, त्यांना ब्रेक नसतो. म्हणजे हवा काढायची जागा दोनच, आणि तरीही हे काम वर्कशॉपमध्ये दोन-दोनदा करावं लागतं. का, ते पुढे येईलच.

पॅडल नीट लागत नाही. आत हवाच आहे हे कशावरून ओळखायचं?

इंजिन बंद करा आणि हाताने नाही, पायाने पॅडल दाबून पाहा. स्पंज दाबल्यासारखं वाटतंय, पाय सैल केला की पॅडल उसळी घेतंय, आणि भरभर तीन-चारदा मारलं की वर येऊन बरं लागतंय, तर आत हवा आहे.

पॅडल बरंच खाली जातंय पण जिथे थांबतं तिथे दगडासारखं कडक लागतंय, तर तो हवेचा दोष नाही. शू म्हणजे ड्रमला आतून टेकणारी कमानदार पट्टी; तिच्यावरचा घासणारा लायनर झिजून शू आणि ड्रममधलं अंतर वाढलंय, ते अंतर राखणारा ॲडजस्टर काम करत नाहीये. हे पॅडलही भरभर मारल्यावर वर येतं, त्यामुळे फसगत होते. फरक पायाला कळतो: हवा असेल तर उसळी, अंतर वाढलं असेल तर कडकपणा.

तिसरा प्रकार म्हणजे पाय एकसारखा दाबून धरला की पॅडल सावकाश खाली बसत जातं. कुठेतरी गळती आहे. बाहेर कुठेच ओल दिसत नसेल तर मास्टर सिलिंडरच्या आतला रबर कप गेला आहे. अशा मशीनला दिवसभर ब्लीडिंग (म्हणजे हवा काढणं) केलं तरी काही होणार नाही.

ऑईलची डबी भरलेली असताना हवा आत येतेच कुठून?

हा प्रश्न पाना उचलण्याआधी विचारला तर अर्धं काम तिथेच होतं. हवा आपोआप तयार होत नाही. डबी कधीतरी तळाला गेली होती आणि कुणीतरी गुपचूप भरून ठेवली, पाइप किंवा सिलिंडर बदलताना सिस्टीम उघडली होती, चाकात शू ढकलणाऱ्या व्हील सिलिंडरचा रबर कप झिजून पॅडल सोडताना बाहेरची हवा ओढली जातेय, किंवा पाणी धरलेलं ऑईल तापून त्याची वाफ झाली. या चारांपैकी एक कारण असतंच.

व्हील सिलिंडर तपासायला ड्रम काढा आणि सिलिंडरच्या दोन्ही टोकांचे रबर बूट बोटाने उचकून बघा. आत थोडा ओलसरपणा चालतो. थेंब ओघळला तर कप किंवा अख्खा सिलिंडर बदलायचा. ड्रमच्या आत काळपट, दाट, उग्र वासाचं तेल दिसलं तर ते ब्रेक ऑईल नाही. ॲक्सलचं सील फुटून गिअर ऑईल येतंय. लायनर दोन्हींपैकी कशानेही भिजला तर तो बदलाच. पेट्रोलने धुऊन, जाळून परत बसवलेला लायनर गरम झाला की पुन्हा तेल सोडतो.

ड्रममधली भुकटी हवेच्या प्रेशरने उडवू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसा.

थोडीशी हवा राहिली तर एवढा काय फरक पडतो?

हिशेब करून पाहू. समजा मास्टर सिलिंडरचा बोअर, म्हणजे आतला व्यास, १९ मिमी आहे आणि पिस्टन ३० मिमी सरकतो. एका पॅडलला ढकललं जाणारं ऑईल झालं साधारण ८.५ मिली. पाइपात ३ मिलीचा बुडबुडा असेल, म्हणजे चहाच्या चमच्यापेक्षाही कमी, तर दाब वाढल्यावर तो जवळजवळ नाहीसा होतो आणि त्याची जागा भरायला तेवढंच ऑईल लागतं. म्हणजे पॅडलचा तिसरा हिस्सा हवा दाबण्यात गेला. शू ड्रमला टेकवायला जे उरतं त्यात रिकामं मशीन थांबेलही, पण २ टनांचा माल घेऊन रॅम्प उतरताना तेवढं पुरत नाही.

ब्रेक ऑईल कोणतं टाकायचं? डॉट ३ की डॉट ४?

डबीच्या झाकणावर काय लिहिलंय ते आधी वाचा. या वर्गातल्या बहुतेक मशीनना डॉट ३ चालतं. डॉट ४ त्याच जातीचं, ग्लायकॉलवर आधारलेलं असल्याने त्यात मिसळलं तरी रबर बिघडत नाही. नव्या डॉट ३ चा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो आणि पाणी धरल्यावर किमान १४० अंश. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५. पाणी धरलेलं म्हणजे किती, तर ३.७ टक्के. ऐकायला किरकोळ वाटतं, पण तेवढ्याने ६५-७५ अंशांचा फरक पडतो. न्हावाशेवा-तळोजा पट्ट्यात पावसाळ्यात हवाच ओली असते. तिथे झाकण न लावता ठेवलेला डबा फार टिकत नाही. उघडून महिने झालेला डबा ब्रेकसाठी वापरू नका, अर्धा भरलेला असला तरी.

डॉट ५ मात्र सिलिकॉनचं. आकडा मोठा म्हणून चांगलं, असं समजून ते डॉट ३ च्या सिस्टीममध्ये घालू नका. डॉट ५.१ हे नाव सारखं दिसलं तरी ते पुन्हा ग्लायकॉलचंच.

काही मशीनना, विशेषतः ऑईलमध्ये बुडालेल्या डिस्क ब्रेकवाल्यांना, मिनरल ऑईल लागतं. तिथे डॉट ३ टाकणं ही तितकीच मोठी चूक. डबीत काय आहे कळत नसेल तर ग्लासभर पाण्यात दोन थेंब टाका. ग्लायकॉलचं ऑईल पाण्यात विरघळतं, मिनरल वर तरंगतं.

ऑपरेटरने ब्रेकच्या डबीत चुकून हायड्रॉलिक ऑईल टाकलं. आता?

पहिली गोष्ट, पॅडलला पाय लावू नका आणि कुणाला लावूही देऊ नका. ऑईल फक्त डबीत असेल तर सिरिंजने सगळं ओढून घ्या, डबी काढून आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवा, वाळवा, नवीन ऑईल भरा आणि मास्टर सिलिंडरच्या तोंडाशी पाइप सैल करून तिथून बरंच ऑईल वाहू द्या.

त्यानंतर पॅडल वापरलं गेलं असेल तर स्वस्तातला इलाज नाही. ग्लायकॉलच्या सिस्टीममधलं रबर मिनरल ऑईलमध्ये फुगतं. सगळ्यात आधी दिसतं ते डबीच्या झाकणाच्या आतल्या रबरात: ते लांबट, वेडंवाकडं होतं आणि झाकणात परत बसत नाही. झाकणाचं रबर असं झालं असेल तर आतले कपही तसेच झालेत असं धरून चला. मास्टर सिलिंडरचं किट, दोन्ही व्हील सिलिंडरचे कप, रबरी होज, सगळं बदला. लोखंडी पाइप अल्कोहोलने धुऊन कोरड्या हवेने फुंका. नुसतं ऑईल बदलून मशीन परत पाठवलं तर फुगलेला कप मागे येत नाही, ब्रेक लागलेलाच राहतो आणि ड्रम तापतो. मग लोक पुन्हा ब्लीडिंग करतात.

काय काय सामान हाताशी ठेवायचं?

- सीलबंद ब्रेक ऑईल. नुसती हवा काढायला २०० ते २५० मिली, सगळं ऑईल बदलायचं तर अर्धा लिटर. अर्ध्या लिटरचा डबा दोन्हीला पुरतो.
- निपलवर (व्हील सिलिंडरवरचा हवा काढायचा पोकळ स्क्रू) घट्ट बसणारी पारदर्शक नळी, अर्धा मीटरभर, आणि एक पारदर्शक बाटली.
- निपलच्या मापाचा रिंग पाना, सहसा ८, १० किंवा ११ मिमी. फिक्स पाना नको, कोपरे घासतात.
- जॅक, वजन पेलतील अशा घोड्या, जाड लाकडी ठोकळे.
- पाण्याची बादली आणि फडकी. ब्रेक ऑईल रंग खातं, सांडलं की लगेच पाणी ओता.

मशीन जॅकवर घ्यावं लागतं का?

निपल चाकाच्या आतल्या बाजूला, बॅकिंग प्लेटच्या मागे असतं. बऱ्याच मॉडेलमध्ये फ्लोअर प्लेट उचलून किंवा मशीनच्या पोटाखालून हात पोचतो आणि मग उचलायची गरज नसते. सपाट जमीन, काटे पूर्ण खाली, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे, किल्ली मेकॅनिकच्या खिशात. बॅटरीचं मशीन असेल तर मोठा बॅटरी कनेक्टर ओढून ठेवा.

उचलायचंच झालं तर हे लक्षात असू द्या की अडीच टनी मशीनचं स्वतःचं वजन साडेतीन-चार टनांच्या घरात असतं. पार्किंग ब्रेक बहुतेक मशीनवर पुढच्याच शूंना लागतो, म्हणजे पुढची चाकं हवेत गेली की तो काही धरत नाही. मागचे ठोकळे हाच आधार. मास्टखाली (काटे वर-खाली नेणारा पुढचा उभा सांगाडा) ठोकळे ठेवून टिल्टने, म्हणजे मास्ट झुकवून, पुढची चाकं उचलायची पद्धत कितीतरी मॅन्युअलमध्ये दिलेली आहे, पण त्या अवस्थेत खाली शिरायचं नाही. चेसीखाली घोड्या लावून वजन त्यांच्यावर सोडल्यावरच शिरायचं.

दोन माणसांनी हवा काढायची नेमकी पद्धत सांगा.

एक पॅडलवर, एक निपलपाशी. आवाज नीट ऐकू यायला हवा, म्हणून शेजारचा कॉम्प्रेसर बंद करा. शब्द तीनच ठरवून घ्या: खालचा म्हणतो “मार”, “धर”, “सोड”. वरच्याने प्रत्येक वेळी उत्तर द्यायचं, “धरलं”, “सोडलं”. उत्तर ऐकल्याशिवाय निपलला हात नाही.

१. डबीभोवतीची धूळ पुसून मगच झाकण उघडा. जुनं काळं ऑईल सिरिंजने काढा, नवीन काठोकाठ भरा.

२. निपलची रबर टोपी काढा, तोंड पुसा. आधी पाना अडकवा, मग नळी चढवा. उलट केलं तर नळी पुन्हा काढावी लागते, आणि हे सगळे एकदा तरी करतातच. नळीचं दुसरं टोक बाटलीतल्या दोन बोटं नव्या ऑईलमध्ये बुडलेलं हवं.

३. “मार.” वरचा पॅडल सावकाश तीन-चारदा दाबतो. धडाधड मारलं तर आतला बुडबुडा फुटून फेस होतो, आणि फेस निपलपर्यंत यायला तयार नसतो.

४. “धर.” “धरलं.” आता निपल पाव ते अर्धा फेरा सैल करा. नळीतून ऑईल आणि बुडबुडे येतील, पॅडल खाली जाईल. पॅडल तळाला टेकायच्या आत निपल बंद करा.

५. निपल बंद झाल्यावरच “सोड.” आधी सोडलं तर नळीतली हवा उलटी आत जाते. तीन-चार सेकंद थांबा, मास्टर सिलिंडरला परत भरायला तेवढा वेळ लागतो.

६. प्रत्येक पाच-सहा फेऱ्यांनंतर डबी बघा. ती एकदा तळाला गेली की पहिल्यापासून सुरुवात.

नळीत सलग चार-पाच फेऱ्या एकही बुडबुडा नाही आणि ऑईल नव्यासारखं फिकट पिवळं, तेव्हा त्या चाकाचं काम झालं. दर चाकाला दहा-बारा फेऱ्या धरा. निपल घट्ट करताना मनगटाचा जोर पुरतो, ८-१० न्यूटन-मीटरच्या आसपास. टोपी परत लावा, नाहीतर निपलचं भोक मातीने बुजतं आणि पुढच्या वेळी मनस्ताप होतो.

जुन्या मशीनवर पॅडलखाली लाकडाचा तुकडा ठेवा, म्हणजे पॅडल पूर्ण खाली जाणार नाही. रोजच्या वापरात पिस्टन बोअरच्या पुढच्या भागापर्यंत जात नाही, तिथे गंज साचलेला असतो. ब्लीडिंग करताना कप त्या गंजावरून घासला की ओठ फाटतो. “ब्लीडिंग केलं आणि मास्टर सिलिंडर गेला” ही तक्रार बहुतेक वेळा अशीच तयार होते.

आधी कोणतं चाक?

ज्याचा पाइप मास्टर सिलिंडरपासून लांब, ते. डावं की उजवं हे पाठ करू नका, मॉडेलप्रमाणे बदलतं. पाइप डोळ्यांनी माग काढत जा.

हेल्पर नसेल तर एकट्याने जमतं का?

जमतं. सगळ्यात सोपं म्हणजे निपल उघडून, नळी बाटलीत सोडून ऑईल आपल्या वजनाने गळू द्यायचं. वेळ जातो, पण फेस होत नाही. प्रेशरचं यंत्र असेल तर डबीवर १ ते १.५ बारपेक्षा जास्त दाब नको, झाकणाचं सील किंवा डबीच फुटते. निपलपाशी व्हॅक्युम लावून ओढणाऱ्या पंपात एक खोट आहे: निपलच्या आट्यांमधून बाहेरची हवा शिरते आणि नळीत बुडबुडे संपतच नाहीत. त्यावर विश्वास ठेवून लिटरभर ऑईल घालवू नका.

निपल सुटत नाही.

गंज सोडवणारा स्प्रे बाहेरून मारा, अर्धा तास थांबा, निपलच्या डोक्यावर हातोडीने हलके ठोके द्या, मग सहा कोनांचा रिंग पाना लावून आधी घट्ट करायच्या दिशेने किंचित आणि मग सैल. गॅसने तापवू नका, आत रबर आणि पेटणारं ऑईल आहे. निपल तुटलंच तर व्हील सिलिंडर बदला. तसा तो सिलिंडरही त्याच वयाचा असतो.

दोनदा ब्लीडिंग केलं, बुडबुडे थांबले, तरी पॅडल मऊच. आता कुठे बघायचं?

पहिला संशय मास्टर सिलिंडरवर. तो नवीन बसवला किंवा किट टाकलं, आणि चढवण्याआधी कामाच्या बाकावरच त्यातली हवा न काढता तसाच चढवला, तर पुढच्या कोपऱ्यात हवा अडकून राहते आणि चाकाच्या निपलमधून ती कधीच निघत नाही. पॅडल धरून मास्टर सिलिंडरच्या तोंडाचा पाइप नट अर्धा फेरा सैल करा, फस्स करून हवा आणि ऑईल येईल, घट्ट करा, मग सोडा. खाली फडकं धरा. चार-पाचदा केलं की पॅडल बदललेलं जाणवतं.

दुसरं, रबरी होज. एकाने पॅडल जोरात दाबायचं आणि दुसऱ्याने होज मुठीत धरायचा. फुगताना हाताला लागला तर बदला.

तिसरं, डावा-उजवा व्हील सिलिंडर अदलाबदल होऊन निपल खालच्या बाजूला आलंय का? हवा वर जमते, खालच्या निपलमधून नुसतं ऑईल येत राहतं आणि आपण खूश होतो.

चौथं, नवे लायनर ड्रमला पूर्ण टेकत नसतील तर शू किंचित वाकतो आणि पॅडल स्पंजीच लागतं. लायनरवर घासल्याच्या खुणा फक्त मधोमध किंवा फक्त टोकांना दिसल्या तर हेच कारण.

ब्लीडिंगनंतर चाक जाम होतंय, ड्रम तापतोय.

मास्टर सिलिंडरमध्ये डबीकडे जाणारं सुईच्या टोकाएवढं भोक असतं. पॅडल सोडल्यावर जास्तीचं ऑईल त्यातून परत जातं. पुशरॉड (पॅडलपासून पिस्टनला ढकलणारा दांडा) लांब ठेवला असेल तर पिस्टन पूर्ण मागे येत नाही, कप ते भोक झाकून ठेवतो, आणि ऑईल तापून प्रसरण पावलं की ब्रेक आपोआप लागतो. डबीचं झाकण उघडा आणि कुणाला तरी पॅडल अगदी हलकं दाबायला सांगा. ऑईलच्या पृष्ठभागावर छोटा उमाळा दिसला तर भोक मोकळं आहे. नाही दिसला तर लॉकनट सैल करून पुशरॉड आणि पिस्टनमध्ये साधारण १ मिमी मोकळीक द्या. पॅडलचा फ्री प्ले (ब्रेक लागायच्या आधीची मोकळी चाल) मॅन्युअलमध्ये दिलेल्या आकड्यात आणा.

भोक मोकळं आहे आणि एकच चाक तापतंय, तर त्या बाजूचा होज आतून सोलला गेला असावा. तो दाब जाऊ देतो पण परत येऊ देत नाही. निपल उघडल्याबरोबर चाक मोकळं झालं की खात्री समजा.

इंचिंग पॅडलचा याच्याशी संबंध आहे का?

टॉर्क कन्व्हर्टरच्या मशीनमध्ये आहे. डावं पॅडल म्हणजेच इंचिंग, ते आधी ट्रान्समिशनचा दाब तोडतं आणि पुढे दाबलं की ब्रेकही ओढतं. ब्लीडिंग ब्रेकच्या पॅडलवरूनच करा, आणि नंतर दोघांमधला लिंक तपासा. आता ब्रेक वर लागू लागला, त्यामुळे जुनं सेटिंग जुळत नाही आणि गिअर सुटायच्या आत ब्रेक धरतो. इंचिंगवर पाय ठेवूनच दिवस काढणारा ऑपरेटर असेल तर ऑईल लवकर काळं होणार, हे गृहीत धरा.

आमचं मशीन ५ टनांच्या पुढचं आहे. पद्धत हीच का?

सरसकट नाही. तिथे बऱ्याचदा पॉवर ब्रेक आणि ॲक्युम्युलेटर (दाब साठवणारी टाकी) असतो. इंजिन बंद करूनही आत दाब साठलेला राहतो, त्यामुळे पाइपला पाना लावण्याआधी पॅडल कडक होईपर्यंत पुन्हा पुन्हा मारून तो संपवा. काही मॉडेलचं ब्लीडिंग इंजिन चालू ठेवून करायचं असतं. इथे मॅन्युअल उघडल्याशिवाय सुरुवात करू नका.

मशीन कामाला द्यायच्या आधी काय तपासायचं?

पॅडल पूर्ण जोराने ३० सेकंद दाबून धरा, तसूभरही बसता कामा नये. त्याच वेळी दुसऱ्याने दोन्ही निपल आणि नट फडक्याने पुसून ओल बघायची. मग रिकामं मशीन मोकळ्या जागेत चालण्याच्या वेगाने पुढे-मागे करा. स्वतः ॲडजस्ट होणारे शू बऱ्याच मॉडेलमध्ये रिव्हर्समध्ये ब्रेक मारल्यावर सेट होतात, म्हणून मागे जाताना दहा-बारा वेळा थांबा. ब्रेक लावल्यावर मशीन एका बाजूला ओढत असेल तर ज्या बाजूला ओढत नाही तिथला ब्रेक कमी लागतोय. पार्किंग ब्रेक वेगळा तपासा. माल सगळ्यात शेवटी, आणि तोही आधी अर्धाच.

बॅटरीच्या स्टॅकरला किंवा पॅलेट ट्रकला ब्लीडिंग लागतं का?

चालत वापरायच्या बहुतेक स्टॅकरमध्ये ब्रेक ऑईलच नसतं. मोटरच्या शाफ्टवर विद्युतचुंबकीय ब्रेक असतो. वीज मिळाली की तो सुटतो, गेली की स्प्रिंगने लागतो. हँडल पूर्ण वर किंवा पूर्ण खाली नेल्यावर थांबत नसेल तर ब्रेक प्लेटमधलं अंतर आणि हँडलचा स्विच बघा.

हाताची पॅलेट ट्रॉली पंप करूनही उचलत नाही. तिथेही हवाच?

बऱ्याचदा, हो. नुकतीच आडवी करून नेली असेल तर जवळजवळ नक्कीच. काट्यांवर काही नको. बोटाचा लिव्हर खाली सोडायच्या स्थितीत दाबून धरा आणि हँडल दहा-पंधरा वेळा पूर्ण मारा. मग लिव्हर उचलायच्या स्थितीत आणून बघा. तरीही नसेल उचलत तर काटे पूर्ण खाली करून ऑईल तपासा. इथे ३२ ग्रेडचं हायड्रॉलिक ऑईल लागतं, ब्रेक ऑईल नाही.

बाटलीत जमलेलं ऑईल परत वापरता येईल का? टाकायचं कुठे?

बाटलीत ते कितीही स्वच्छ दिसलं तरी त्यात बुडबुडे आणि पाणी गेलेलं असतं, डबीत परत ओतू नका. इंजिन ऑईलच्या पिंपातही नको, मिसळलं की दोन्हींची विल्हेवाट अवघड होते. वेगळ्या कॅनवर “वापरलेलं ब्रेक ऑईल” अशी चिठ्ठी लावून अधिकृत घातक कचरा उचलणाऱ्याकडे द्या. आणि त्यासाठी पाण्याची रिकामी बाटली वापरू नका. फिकट पिवळं ऑईल सरबतासारखं दिसतं, आणि ते विषारी असतं.